सप्ताहाला गाव, ग्रामसभेला खुर्च्या

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यात तूर आणि हरभरा घरात येऊन पडला की गावोगाव मारुतीच्या पारावर एक बैठक बसते. तिला सरकारी नोटीस नसते, हजेरीची वही नसते. तरी माणसं हटकून येतात. सप्ताह कोणत्या तिथीला बसवायचा, काल्याचं कीर्तन कोणाला द्यायचं, घरटी पट्टी किती, कोणत्या दिवसाची पंगत कोणाकडे, एवढेच विषय. आवाज चढतात, मागच्या सालचा हिशेब निघतो, कोणीतरी रुसून उठतो, त्याला दोघं जण हाताला धरून परत बसवतात. आणि रात्र व्हायच्या आत सात दिवसांचा कार्यक्रम ठरलेला असतो. लाखो रुपयांची उलाढाल असते, हजारो माणसं जेवणार असतात, सगळं तोंडी.

साखरा हे याच तालुक्यातलं गाव. ग्रामपंचायत आहे, प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, त्यामुळे आजूबाजूच्या वाड्या-तांड्यांचा राबता आहे. तालुक्याच्या सीमेला लागून पूर्णा नदीवरचं येलदरी धरण. पिकं सोयाबीन, तूर, हरभरा, कापूस आणि जिथे पाणी तिथे हळद. परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. एरवी वर्तमानपत्रात हा भाग दिसतो तो पावसाने ओढ दिल्यावर किंवा हळदीचा भाव चढल्या-उतरल्यावर. इथली माणसं एकत्र येऊन वर्षभर काय काय करतात, याची बातमी सहसा होत नाही. खरं तर गाव कसं चालतं हे समजून घ्यायचं तर तेच पाहावं लागतं.

सुरुवात सप्ताहापासूनच करावी, कारण मराठवाड्यातल्या खेड्यात त्याच्याएवढा मोठा सार्वजनिक कार्यक्रम दुसरा नाही. 'अखंड हरिनाम सप्ताह' या नावातला 'अखंड' हा शब्द शब्दशः घ्यायचा. पहिल्या दिवशी गळ्यात घातलेली वीणा काल्यापर्यंत खाली टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, दिवसा आणि रात्रीही. त्यासाठी पहाऱ्याच्या पाळ्या लागतात. रात्री दोन ते चारचा पहारा कोणी घ्यायचा, हा प्रश्न सोडवणं सोपं नाही. ती पाळी बहुधा तरुण पोरांच्या किंवा झोप कमी झालेल्या म्हाताऱ्यांच्या वाट्याला येते. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथा भजन किंवा भागवत कथा, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागर. सातव्या किंवा आठव्या दिवशी दिंडी निघते, काल्याचं कीर्तन होतं, दहीहंडी फुटते आणि महाप्रसादाच्या पंगती बसतात.

या वेळापत्रकामागे जे काम असतं ते पत्रिकेत छापलेलं नसतं. कोणाच्या शेतातल्या बोअरचं पाणी टँकरने आणायचं, कढया कुठून आणायच्या, आचारी कोण, लाकूडफाटा कोण देणार, पाहुण्या टाळकऱ्यांची झोपायची सोय कोणाच्या ओसरीवर. पुऱ्या आणि बुंदी मंडपामागे तळली जाते, पण पोळ्यांचा बेत असला तर पीठ घरोघर वाटून दिलं जातं आणि दुपारी टोपल्या भरून पोळ्या परत येतात. वाढणारी पोरं बादल्या घेऊन पंगतीतून पळत असतात. शहरात याच कामाला 'इव्हेंट मॅनेजमेंट' म्हणून पैसे मोजावे लागतात आणि तरी जेवण थंड मिळतं.

हंगामाची गंमत अशी की फाल्गुन-चैत्रातच हळद काढायची, शिजवायची आणि वाळत घालायची घाई असते. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि हिंगोलीचं संत नामदेव हळद मार्केट यार्ड राज्यातल्या मोठ्या हळद बाजारांपैकी एक. म्हणजे घरात पैसा यायचे हे दिवस आणि अंगात उसंत नसायचेही हेच दिवस. रामनवमी ते हनुमान जयंती हा काळ धरून सप्ताह करणाऱ्या गावात माणूस दिवसभर हळदीच्या कढईपाशी वाफ खातो आणि रात्री कीर्तनाला येऊन बसतो. काही गावांनी म्हणूनच सप्ताह श्रावणात नेला, काहींनी दत्तजयंतीला. तिथी देवाची, पण ती निवडताना पिकाचं वेळापत्रक पाहिलं जातं.

या प्रथेची मुळं या जिल्ह्यात खोल आहेत. संत नामदेवांचं (१२७०–१३५०) जन्मगाव मानलं जाणारं नर्सी हिंगोलीपासून जवळच, कयाधू नदीच्या काठी. कीर्तनाची परंपरा वारकरी संप्रदायात नामदेवांपासून धरली जाते. नामदेवांची भेट त्यांचे गुरू विसोबा खेचर यांच्याशी झाली ती औंढा नागनाथला, तेही याच जिल्ह्यात. नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, त्यामुळे नर्सीला वारकऱ्यांच्या बरोबरीने पंजाबातून शीख भाविकही येतात. आषाढी करून परतलेले वारकरी आषाढ वद्य एकादशीला नर्सीला जमतात. या जमण्याला इकडे परतवारी म्हणतात. पंढरपूरची वारी नर्सीला येऊन पुरी होते, असा इथला भाव. शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी विदर्भ ओलांडून मराठवाड्यात शिरते तीही सेनगाव तालुक्यातच, पानकनेरगावला. त्या दिवसांत रस्त्याकडेच्या गावांनी चहा, पाणी, फराळ द्यायचा हे ठरलेलं.

सप्ताहाचं मोठं रूप पाहायचं तर गोदावरीकाठच्या सराला बेटाचा गंगागिरी महाराजांचा सप्ताह पाहावा. २०२४ साली सिन्नर तालुक्यात पंचाळे परिसरात तो भरला तेव्हा त्याचं १७७वं वर्ष होतं. तिथे जेवण आमटी-भाकरीचं, आणि भाकरी येतात शेजारच्या गावांतून, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून. भगवानबाबांनी १९३४ मध्ये सुरू केलेला नारळी सप्ताह दरवर्षी वेगळ्या गावाला जातो. ज्या गावाला यजमानपदाचा नारळ मिळतो त्या गावाची वर्षभर तयारी चालते. साखऱ्यासारख्या गावाचा सप्ताह यापुढे लहान, पण यंत्रणा तीच.

आता पैशाकडे वळू. पूर्वी पट्टी धान्यात असायची. ज्वारी, गहू, डाळ पायलीने मोजून द्यायची आणि तेच शिजायचं. गेल्या दोन-तीन दशकांत मराठवाड्यात सोयाबीनने ज्वारीचं रान खाल्लं. सोयाबीन पंगतीत वाढता येत नाही. त्यामुळे वर्गणी रोख झाली, पावतीपुस्तक आलं, आणि अन्नदात्याचं नाव पत्रिकेवर व मंडपातल्या फलकावर झळकू लागलं. धान्याच्या पोत्यावर नाव नसतं. रोख रकमेबरोबर नाव येतं, फोटो येतो, आणि निवडणूक जवळ असली तर इच्छुक उमेदवारही येतो. एखाद्या महागड्या कीर्तनकाराची तारीख मिळवण्यात दोन गावांची चढाओढ लागते. कीर्तनकाराच्या मानधनाचा आकडा हा हल्ली पारावरचा आवडता विषय आहे, आणि तो रास्त विषय आहे. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते: सप्ताहाचा जमाखर्च शेवटच्या दिवशी किंवा पुढच्या बैठकीत माईकवरून वाचला जातो. पै-पैचा. चूक निघाली तर तिथल्या तिथे विचारतात.

सप्ताहाखेरीज वर्षात बरंच काही असतं. पोळ्याला बैल वेशीत उभे राहतात आणि तोरणाखालून पहिला बैल कोणाचा जाणार यावरून पूर्वी डोकी फुटायची. वसमत तालुक्यातल्या वाई गोरखनाथला पोळ्याच्या निमित्ताने परिसरातले बैल मंदिराच्या प्रदक्षिणेला नेतात. ट्रॅक्टर आल्यावर बैल घटले, तशी मानाची भांडणंही थोडी निवळली. अनंत चतुर्दशीला हिंगोलीच्या चिंतामणी गणपतीच्या नवसाच्या मोदकासाठी रांगा लागतात. दसऱ्याला हिंगोलीचं मैदान गाठायचं, हा तर जिल्ह्याचा शिरस्ता: रामलीला, रावणदहन, प्रदर्शन, पाळणे. या दसऱ्याची परंपरा दीडशे वर्षांहून जुनी आहे. निजामाच्या काळात हिंगोली ही लष्करी छावणी होती. हा भाग हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे इथे स्वातंत्र्याचं झेंडावंदन वर्षातून दोनदा होतं, १५ ऑगस्टला आणि १९४८ च्या मराठवाडा मुक्तीची आठवण ठेवून १७ सप्टेंबरला.

तांड्यावरचं वर्ष थोडं निराळं. बंजारा मुली श्रावणात टोपल्यांत गहू पेरून तीज वाढवतात, रोज पाणी घालतात, फेर धरून गातात आणि शेवटी वाजतगाजत तिचं विसर्जन करतात. होळीला लेंगी गीतं रंगतात. नायक आणि कारभारी यांचा शब्द तिथे अजून चालतो. दिवाळीनंतर तांड्यावरची बरीच बिऱ्हाडं ऊसतोडीला जातात. तेव्हा सप्ताहाच्या वर्गणीच्या यादीत त्यांच्या नावापुढे रकाना रिकामा राहतो. कोणी त्यावर बोलत नाही.

इथे थोडं थांबून 'गावकी' या गोड वाटणाऱ्या गोष्टीची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. 'सगळं गाव जेवलं' असं म्हणताना त्यात कोण कोण धरलं जातं? कोणाच्या हातचं पाणी पंगतीत चाललं आणि कोणाला वेगळं बसावं लागलं, हे मराठवाड्यातल्या वडीलधाऱ्यांना नीट आठवतं. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात झाला आणि त्यानंतर नांदेड, परभणीसह अनेक जिल्ह्यांतल्या खेड्यांत दलितांची घरं जळाली. आजचा हिंगोली जिल्हा तेव्हा परभणीतच होता. जी माणसं एका मंडपाखाली सात दिवस हरिनाम घेत होती, त्यांतली काही त्या जमावांतही होती, असं मानल्याशिवाय हा इतिहास समजत नाही. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला.

त्यानंतरच्या तीस वर्षांत खेड्याच्या दिनदर्शिकेत जयंत्यांची भर पडली. १५ फेब्रुवारीला सेवालाल महाराज, १९ फेब्रुवारीला शिवजयंती, १४ एप्रिलला आंबेडकर जयंती, ३१ मेला अहिल्यादेवी, १ ऑगस्टला अण्णाभाऊ साठे. प्रत्येकीचं मंडळ वेगळं, वर्गणी वेगळी, मिरवणुकीचा मार्ग वेगळा. काहींना यात गाव तुटल्याची खंत वाटते. ती खंत अर्धीच खरी आहे. ज्यांना सप्ताहाच्या बैठकीत कधी कोणी विचारलं नाही, त्यांनी स्वतःची बैठक बसवली, एवढाच त्याचा अर्थ. मिरवणूक दुसऱ्या वस्तीतून जाताना तिथल्या लोकांनी सरबत वाटलं, की तो दिवस चांगला गेला असं गाव समजतं. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत मोहरमच्या सवाऱ्या हिंदू खांद्यावर घेत आले आहेत. तीही वर्गणीवरच चालणारी जुनी रीत.

एवढं सगळं जमवणाऱ्या गावाला एक गोष्ट मात्र जमत नाही. ग्रामसभा.

महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यानुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा बहुतेकांना पाठ आहेत. प्रत्येक ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची आहे. कोरम आहे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यातला जो आकडा लहान असेल तो. म्हणजे तीन हजार मतदारांच्या गावातही शंभर माणसं पुरेत. काल्याच्या कीर्तनात पहिल्या चार रांगांत तेवढी बसतात. तरी ग्रामसभा गणसंख्येअभावी तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमची अटच नसल्यामुळे नंतर मोजक्या लोकांत विषय मंजूर होतात. घरकुलाच्या यादीचा, पाणीपुरवठ्याचा, गावच्या विकास आराखड्याचा निर्णय झालेला असतो. सही करणाऱ्यांची नावं दर वेळी साधारण तीच.

याची कारणं लोकांना पारावर विचारली तर भराभर मिळतात. सभा झेंडावंदनानंतर लगेच, सकाळी. तेव्हा शेतात काम असतं. जमाखर्च विचारला की सरपंचाच्या विरोधकांत गणना होते. थेट सरपंच निवडीमुळे गावात दोन गट पक्के झाले आहेत आणि सभेत एका गटाची माणसं आली की दुसऱ्याची जात नाहीत. बायका आल्या तरी मागे उभ्या. २०११ पासून ग्रामपंचायतीत निम्म्या जागा महिलांच्या आहेत, पण सरपंचबाईंच्या खुर्चीशेजारी त्यांच्या यजमानांची खुर्ची असते, हेही तितकंच नेहमीचं. या सगळ्याच्या तळाशी आणखी एक कारण दिसतं: सप्ताहात प्रत्येकाला काम असतं. कोणी वीणा धरतो, कोणी पत्रावळ्या उचलतो, कोणी दिव्यात तेल घालतो. ग्रामसभेत लोकांना फक्त ऐकायचं आणि अंगठा द्यायचा असतो. ज्या कामात आपला हात नाही तिथे माणूस कशाला दोन तास बसेल?

हे दुखणं एकट्या मराठवाड्याचं नाही. इंग्लंडच्या खेड्यांत १८९४ च्या कायद्याने पॅरिश कौन्सिल नावाच्या ग्रामपंचायती आल्या. तिथल्या कायद्यात गावकऱ्यांची वार्षिक सभा १ मार्च ते १ जून या दरम्यान घ्यावी आणि संध्याकाळी सहाच्या आधी सुरू करू नये, असं लिहिलेलं आहे. कामकरी माणसाला येता यावं म्हणून. तरीही त्या सभांना गर्दी नसते. गर्दी असते ती उन्हाळ्यातल्या गावजत्रेला, जिला ते 'फेट' म्हणतात. घरी केलेले केक आणि मुरांबे विकायचे, सोडत काढायची, रस्सीखेच खेळायची आणि जमलेल्या पैशांतून चर्चचं छप्पर किंवा गावसभागृहाची दुरुस्ती करायची. आपण पावती फाडून पैसे उभे करतो, ते केक विकून. महिलांच्या विमेन्स इन्स्टिट्यूट या संस्थेची ब्रिटनमधली पहिली शाखा १९१५ मध्ये वेल्समधल्या एका खेड्यात निघाली आणि आजही कित्येक गावांतले कार्यक्रम तीच उचलते. खेड्यांच्या क्रिकेट संघांची राष्ट्रीय स्पर्धा तर १९७२ पासून आहे. पहिला चषक कॉर्नवॉलमधल्या ट्रून या गावाने नेला. त्या स्पर्धेची अंतिम लढत लॉर्ड्सवर खेळली जाते. आपल्याकडच्या टेनिस बॉलच्या 'सरपंच चषका'ला वानखेडे मिळाल्यासारखंच हे.

ग्रामसभेत जीव आला तर काय होतं, याचे दाखले महाराष्ट्रातच आहेत. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घ्यायचे ठरवलं, आधी अभ्यासगटात विषय समजून घेतला आणि २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते गेलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने त्याच महिन्यात इतर गावांना त्याचं अनुकरण करायला सांगितलं. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. तो वाजला की दीड तास टीव्ही, मोबाइल बंद आणि मुलं अभ्यासाला. देवळाचा भोंगा आणि ग्रामसभेचा ठराव एकत्र आल्याचं हे नमुनेदार उदाहरण.

हिंगोली जिल्ह्याला तर बाहेर बघायचीही गरज नाही. नानाजी देशमुख याच जिल्ह्यातल्या कडोळीचे, जन्म ११ ऑक्टोबर १९१६. साठीत पोचल्यावर राजकारण सोडून त्यांनी आधी गोंडा आणि मग चित्रकूट परिसरातल्या खेड्यांत काम उभं केलं. गावांतले तंटे कोर्टात न नेता गावातच मिटवायचे, हा त्या कामाचा एक भाग होता. त्यांना २०१९ मध्ये मरणोत्तर भारतरत्न मिळालं. महाराष्ट्र सरकारने १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम राबवली तेव्हा तंटे मिटवायच्या समित्या ग्रामसभेतूनच निवडायच्या होत्या. जिथे ती निवड खरोखर सभेत झाली तिथे समितीच्या शब्दाला वजन आलं. जिथे कागदावर झाली तिथे दाराबाहेरची पाटी तेवढी उरली.

त्यामुळे साखऱ्यासारख्या गावात आणखी एखादी योजना किंवा आणखी एखादा पुरस्कार आणण्याआधी साधी गोष्ट करून पाहण्यासारखी आहे. ग्रामसभा रात्री, जेवणं आटोपल्यावर, मारुतीच्या पारावर घ्यावी. नोटीस सात दिवस आधी द्यावीच लागते. ती दवंडीने आणि देवळाच्या स्पीकरवरूनही द्यावी. ग्रामपंचायतीचा जमाखर्च सप्ताहाच्या हिशेबासारखा माईकवरून वाचावा. घरकुलाच्या यादीची तपासणी, हातपंपांची मोजदाद, शाळेच्या पटाची खातरजमा अशी कामं आधीच पाच-दहा माणसांना वाटून द्यावीत, आणि त्यांत तांड्यावरची व वस्तीवरची माणसं असावीत. यातल्या एकाही गोष्टीला सरकारी निधी लागत नाही.

पुण्या-मुंबईत, छत्रपती संभाजीनगरात नोकरीला असलेले बरेच जण काल्याला गावी येतात, अन्नदानाची पावती फाडतात आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने परततात. त्यांतल्या ज्यांचं नाव अजून गावच्या मतदार यादीत आहे, त्यांनी एकदा १ मे धरून रजा काढावी, ग्रामसभेला बसावं, आणि नोंदवहीत सही करताना आपल्या आधी किती सह्या झाल्या आहेत ते मोजावं.